पालखी कोणाला जोडते? समाजशास्त्रातला प्रकार्यवाद, कोकणातून पाहताना

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून, म्हणजे ती ठेवण्याच्या गावातल्या चौथऱ्यावरून, उठून घरोघरी निघते, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावात नेमके काय घडत असते, याची दोन उत्तरे देता येतात. पालखी खांद्यावर घेतलेला माणूस सांगेल की देवी वर्षातून एकदा आपल्या लेकरांच्या भेटीला निघाली आहे. तिची ओटी भरायची, गाऱ्हाणे घालायचे आणि वर्षभराची राखण मागायची. त्याच अंगणात उभा असलेला समाजशास्त्राचा अभ्यासक वेगळे टिपण करील. मुंबईहून आलेले चाकरमानी आणि गावात राहिलेले भाऊबंद आज एका ओळीत उभे आहेत, वर्षभर अबोला धरलेली दोन घरे एकाच पालखीला खांदा देत आहेत, आणि आपली वाडी कोणती, मानकरी कोण, पालखी आधी कोणाच्या अंगणात थांबते, हे लहान मुलांना कोणी न शिकवता कळते आहे. हे दुसरे उत्तर ज्या विचारपद्धतीतून येते तिला प्रकार्यवाद म्हणतात.

‘प्रकार्य’ हा शब्द पहिल्यांदा वाचताना अडखळायला होते. आपल्याकडे ‘कार्य’ म्हटले की लग्न किंवा मुंज आठवते, म्हणून पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी त्याला ‘प्र’ जोडला असावा, अशी माझी आपली समजूत आहे. अर्थ मात्र अवघड नाही. एखादी प्रथा, संस्था किंवा रूढी संपूर्ण समाज टिकून राहण्यासाठी जे काम करते, मग ते करणाऱ्यांना ठाऊक असो वा नसो, ते त्या प्रथेचे प्रकार्य होय. समाज म्हणजे परस्परांवर अवलंबून असलेल्या भागांची एक व्यवस्था आहे, प्रत्येक भाग या व्यवस्थेला काही ना काही पुरवतो, आणि या सगळ्याच्या तळाशी लोकांचे काही मूल्यांवर एकमत असते, ही प्रकार्यवादाची मूळ धारणा आहे. एकमतावर भर असल्यामुळे त्याची गणना मतैक्याच्या सिद्धान्तांत होते. त्याच्या समोर उभे असतात ते संघर्षाचे सिद्धान्त, जे म्हणतात की समाज एकत्र दिसतो तो एकमतामुळे नव्हे, तर कोणाच्या तरी हातातल्या सत्तेमुळे.

या वादाच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. माणसे जर आपापला स्वार्थ पाहणारी असतील, तर ती रोज उठून एकमेकांच्या उरावर का बसत नाहीत? इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात थॉमस हॉब्ज याने १६५१ साली याचे उत्तर दिले की सर्वांनी आपले अधिकार एका सार्वभौम सत्तेच्या हवाली करण्याचा करार केला, म्हणून. मतैक्यवादी समाजशास्त्रज्ञांना हे पटले नाही. सत्तेच्या धाकावर समाज फार काळ चालत नाही, आणि करार म्हणावा तर तो पाळला पाहिजे ही समजूत करार होण्याच्या आधीच माणसांमध्ये असावी लागते. ही समजूत कोठून येते, हा त्यांचा खरा शोध होता.

फ्रान्सचा ओग्यूस्त काँत आणि इंग्लंडचा हर्बर्ट स्पेन्सर यांनी एकोणिसाव्या शतकात समाजाची तुलना सजीव शरीराशी केली. हृदय, यकृत, फुप्फुसे जशी वेगवेगळी कामे करूनही एकाच देहाला जगवतात, तशा समाजातल्या संस्था, असे हे रूपक आहे. ते समजायला सोपे आहे, आणि तेवढेच फसवेही आहे, कारण यकृताला आपण हृदय व्हावे असे कधी वाटत नाही.

प्रकार्यवादाला खरी खोली दिली ती एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने. श्रमविभागणीवरचा त्याचा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला. योगायोगाची गोष्ट अशी की त्याच वर्षाच्या डिसेंबरात मालवणला गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म झाला, ज्यांनी पुढे मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा अनेक वर्षे सांभाळली. त्यांचेच विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास पुढे ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राऊन या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाकडे शिकले आणि कर्नाटकातल्या कूर्गमधल्या धर्म व समाजावरच्या १९५२ सालच्या ग्रंथातून ही विचारपद्धती भारतीय गावांच्या अभ्यासात रुजली. पण ते नंतरचे. दुर्खीमचा प्रश्न असा होता की जुन्या समाजात सगळे एकसारखे असतात म्हणून एकत्र राहतात हे समजते. आधुनिक समाजात प्रत्येकाचा धंदा, शिक्षण आणि आवड वेगळी असताना तो फुटत का नाही?

त्याचे उत्तर कोकणातल्या दोन चित्रांतून सांगता येते. डोंगरउतारावरची एक जुनी वाडी डोळ्यांसमोर आणावी. सगळी घरे भातशेती करणारी, भाजावळ एकाच सुमाराला, पेरणी एकाच नक्षत्रावर, लावणीला आज तुझ्या चोंढ्यात तर उद्या माझ्या. देव एक, सोयरसुतक एक, चांगले-वाईट ठरवण्याची मापेही एकच. येथे माणसे एकत्र असतात ती सारखेपणामुळे. दुर्खीमने याला यांत्रिक ऐक्य म्हटले, आणि सर्वांच्या मनात सारखीच असणारी जी श्रद्धा-समजुतींची बैठक, तिला सामूहिक जाणीव म्हटले. दुसरे चित्र हापूसच्या हंगामाचे आहे. कलमांची निगा राखणारा बागायतदार, झाडावर चढून देठासकट फळ उतरवणारा गडी, रात्री बागेत जागणारा नेपाळी राखणदार, पेटी भरणाऱ्या बाया, घाटातून रात्रभर ट्रक हाकणारा चालक, वाशीच्या बाजारातला दलाल आणि दादरच्या फुटपाथवरचा विक्रेता. यांच्यात भाषा, धर्म, गाव यांपैकी काहीही समान नसेल, आणि यांतले बहुतेक जण एकमेकांना कधी भेटणारही नाहीत. तरी एक कडी तुटली तर आंबा जागेवर पिकून सडतो. ही एकमेकांच्या वेगळेपणावरच उभी असलेली बांधणी म्हणजे सेंद्रिय ऐक्य.

दुर्खीमने यापुढे एक बारीक मुद्दा मांडला आहे. केवळ देवाणघेवाण माणसांना बांधून ठेवू शकत नाही, कारण करारातले सगळेच काही करारात लिहिलेले नसते. बागायतदार पेट्या वाशीला रवाना करतो तेव्हा त्याला भाव ठाऊक नसतो. फळ किती उतरले, किती खराब निघाले आणि काय दराने गेले हे त्याला दलालाकडून हिशोबाची पट्टी हातात आल्यावर कळते. तरीही तो पुढच्या आठवड्यात पुन्हा पेट्या धाडतो. दलालाविषयीच्या त्याच्या तक्रारी ऐकायच्या असतील तर एप्रिलमध्ये देवगडच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर बसावे. पण तक्रार करण्यासाठीसुद्धा ‘वाजवी’ म्हणजे काय याची एक कल्पना दोघांमध्ये समान असावी लागते. ती समान कल्पना हा दुर्खीमच्या मते प्रत्येक कराराचा न लिहिलेला पाया असतो. हा पाया खचला, नियम आहेत पण कोणाला ते आपल्यावर बंधनकारक वाटत नाहीत अशी स्थिती आली, की तिला त्याने ‘अनोमी’ म्हटले. मराठीत प्रमाणकशून्यता म्हणतात. १८९७ साली आत्महत्यांचा अभ्यास करताना त्याने दाखवले की मनुष्य अत्यंत एकटेपणाने घेतो असा हा निर्णयसुद्धा, तो ज्या समूहात राहतो त्या समूहाच्या बांधणीशी निगडित असतो.

१९१२ साली धर्मावर लिहिताना दुर्खीम पालखीच्या अगदी जवळ येतो. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींविषयी इतरांनी केलेल्या नोंदींच्या आधारे त्याने असे प्रतिपादन केले की उत्सवात एकत्र आलेल्या समूहाला जी विलक्षण ऊर्जा जाणवते, ती देवाची आहे असे त्याला वाटते. वस्तुतः ती त्या समूहाचीच असते. ढोल-ताशाच्या तालावर पालखी नाचवताना खांदेकऱ्यांना तिचे वजन जाणवत नाही असे ते स्वतःच सांगतात. दुर्खीम त्यांना खोटे पाडणार नाही. तो एवढेच म्हणेल की वजन उचलणारी शक्ती खरी आहे, पण तिचे नाव गाव असे आहे. श्रद्धावान माणसाला हे उत्तर रुचणार नाही, आणि मला स्वतःलाही ते पुरेसे वाटत नाही. मात्र होमाभोवती फाका, म्हणजे शिमग्यातल्या आरोळ्या, घालणाऱ्या गर्दीत एकदा उभे राहिलेल्या माणसाला ते सहजासहजी झटकूनही टाकता येत नाही.

दुर्खीमने अभ्यासिकेत बसून जे केले ते ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने समुद्रकिनाऱ्यावर राहून केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ ते १९१८ दरम्यान, तो न्यू गिनीच्या पूर्वेकडील ट्रोब्रिअंड बेटांवर दोन टप्प्यांत राहिला. तेथे त्याला दिसले की खाजणातल्या शांत, उथळ पाण्यात मासे मारताना बेटवासी कोणतेही मंत्रतंत्र करत नाहीत, कारण तेथे मासे मिळण्याची खात्री असते आणि जिवाला धोका नसतो. खुल्या समुद्रात जाताना मात्र तपशीलवार जादूविधी होतात. जेथे ज्ञान आणि कौशल्य यांची हद्द संपते तेथे विधी सुरू होतो आणि तो माणसाच्या मनाला आधार देतो, असा निष्कर्ष त्याने काढला. कोकणच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. खाडीत गुडघाभर पाण्यात उभा राहून पाग टाकणारा माणूस नारळ फोडायला थांबत नाही. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा होडी समुद्रात लोटणारा तांडेल थांबतो. मॅलिनोव्स्कीला व्यक्तीच्या गरजा महत्त्वाच्या वाटत. रॅडक्लिफ-ब्राऊन याला त्या दुय्यम वाटत आणि समाजरचना टिकणे महत्त्वाचे वाटे. या दोघांचे आपसांत फारसे जमले नाही.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात टॅलकट पार्सन्स याने या सगळ्याची एक भव्य इमारत उभी केली. त्याचे लेखन इतके दुर्बोध आहे की त्याचा सोप्या इंग्रजीत अनुवाद करून दाखवणे हा त्याच्या टीकाकारांचा एक आवडता उद्योग होता. त्याच्या विवेचनाचा गाभा मात्र मालवणच्या किनाऱ्यावर एखादी सकाळ घालवली तर हाती लागतो. रापणीचे लांबलचक जाळे होडीतून अर्धवर्तुळात समुद्रात सोडले जाते आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून बरीच माणसे मिळून ओढतात. पार्सन्सच्या मते कोणत्याही समाजव्यवस्थेला टिकण्यासाठी चार गरजा भागवाव्या लागतात. परिसरातून साधने मिळवावी लागतात, म्हणजे येथे होडी, जाळे आणि समुद्राची जाण. उद्दिष्ट ठरवून ते गाठावे लागते, म्हणजे जाळे केव्हा आणि कोठे सोडायचे हे कोणीतरी सांगावे लागते व इतरांनी ऐकावे लागते. सगळ्यांना एकत्र ठेवावे लागते. मासळीचे वाटे ठरलेल्या हिश्शाने आणि सर्वांसमोर पडले नाहीत, तर उद्या दोर ओढायला कोणी येणार नाही. आणि चौथी गरज, जी डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे ही रीत पुढच्या पिढीत उतरवणे: दोराच्या टोकाला लोंबकळणारा आठ वर्षांचा मुलगा काही उपयोगाचा नसतो, पण तो तेथे असणे आवश्यक असते. त्याच्या मनात ही मूल्ये इतकी मुरतात की पुढे नियम पाळताना आपण नियम पाळतो आहोत असे त्याला वाटतच नाही. याला पार्सन्स सामाजिकीकरण म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने समाज टिकण्याचे खरे रहस्य पोलीस चौकीत नसून येथे आहे.

मुरणे अपुरे राहिले तर काय, या प्रश्नावर मतैक्याच्या परंपरेत पुढेही काम झाले. १९६९ साली ट्रॅव्हिस हर्शी याने गुन्हेगारीविषयीचा नेहमीचा प्रश्न उलटा केला: काही लोक नियम का मोडतात हे विचारण्याऐवजी बहुतेक लोक ते का मोडत नाहीत हे विचारावे. आपली माणसे, आतापर्यंत कमावलेले, रोजची गुंतवळ आणि नियमांवरचा विश्वास हे चार धागे माणसाला धरून ठेवतात, असे त्याचे उत्तर होते. ज्या गावात तुमचे पाळण्यातले नाव सर्वांना ठाऊक असते तेथे हे धागे दोरखंडासारखे असतात, हे मुंबईला पळून गेलेला कोणीही सांगेल.

आतापर्यंतचे सारे वाचून कोणाला असे वाटेल की प्रकार्यवाद्यांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी चांगलेच दिसते. हा आक्षेप त्यांच्यातल्याच एकाने, रॉबर्ट मर्टन याने, सर्वांत नेटकेपणाने मांडला. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात त्याने आधीच्या मंडळींची तीन गृहीतके तपासली: प्रत्येक प्रथा संपूर्ण समाजाला उपकारक असते, प्रत्येक प्रथेला काही ना काही प्रकार्य असतेच, आणि ती प्रथा अपरिहार्य असते. तिन्ही चूक, असे त्याने म्हटले. मग त्याने काही उपयोगी भेद केले, आणि नारळी पौर्णिमेच्या उदाहरणावर ते स्वच्छ दिसतात.

समुद्राला नारळ अर्पण करून त्याला शांत करणे हे या सणाचे प्रकट प्रकार्य आहे, म्हणजे करणाऱ्यांच्या मनातला हेतू. पण त्याबरोबर दुसरेही काही घडते. भर पावसाळ्यात समुद्रात जायचे नाही आणि पौर्णिमेनंतर सगळ्यांनी निघायचे, अशी रीत असल्यामुळे खवळलेल्या समुद्रात जिवावर उदार होऊन जाण्याची चढाओढ टळते, आणि अनेक जातींच्या माशांना प्रजननाच्या काळात उसंत मिळते. हे सुप्त प्रकार्य. कोणी ते मनात धरून नारळ वाहत नाही. मर्टनने स्वतः अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या पर्जन्यविधीचे उदाहरण दिले होते: विधीने पाऊस पडत नसेल, पण विखुरलेली माणसे त्या निमित्ताने एकत्र येतात. आता तिसरा भेद. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी नौकांना मासेमारीची बंदी असते. मासळीला उसंत देण्याचे जे काम रूढी करत होती तेच आता सरकारी आदेश करतो. याला मर्टन प्रकार्यात्मक पर्याय म्हणतो, आणि पर्याय असू शकतो म्हणूनच कोणतीही विशिष्ट प्रथा अपरिहार्य ठरत नाही. चौथी गोष्ट म्हणजे अपकार्य, व्यवस्थेला इजा करणारा परिणाम. पालखी गावाला जोडते हे खरे, पण मान कोणाचा यावरून तंटा पेटून पालखी वर्षानुवर्षे बंद पडलेली गावे कोकणात कमी नाहीत. तेथे तीच पालखी गावाचे दोन तुकडे करते.

मर्टनने दार किलकिले केले. ते सताड उघडले की जे दिसते ते फारसे सुखद नाही. दुर्खीमचे एक प्रसिद्ध प्रतिपादन असे होते की गुन्हा ही समाजाची सामान्य अवस्था आहे, कारण गुन्हेगाराला शिक्षा देताना समाज आपल्या मूल्यांची जाहीर उजळणी करतो. आता रायगड जिल्ह्यातल्या वाळीत टाकण्याच्या प्रकरणांकडे पाहावे. गावकीचा निर्णय न मानणाऱ्या कुटुंबाशी कोणी बोलायचे नाही, दुकानदाराने सामान द्यायचे नाही, लग्नाला बोलवायचे नाही, मयताला जायचे नाही. अशा प्रकरणांची एवढी चर्चा झाली की महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा मंजूर केला आणि तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. प्रकार्यवादाच्या मोजपट्टीने पाहिले तर वाळीत टाकणे हे चोख काम करते: गावाची एकी वाढते, नियमाची उजळणी होते, मुलांना काय करू नये हे कळते. एकमताचे सर्व पुरावे तेथे हजर असतात. फक्त ते एकमत म्हणजे प्रत्येकाला पुढचा क्रमांक आपला लागेल ही वाटणारी भीती आहे, हे बाहेरून मोजता येत नाही. गप्प बसलेली बैठक आणि सहमत असलेली बैठक दुरून अगदी सारखीच दिसते, आणि माझ्या मते मतैक्याच्या सिद्धान्तांचा सर्वांत मोठा दोष हाच की त्यांच्याकडे या दोन बैठकांत फरक करण्याचे साधन नाही.

विषमतेच्या प्रश्नावर हा दोष अधिकच उघडा पडतो. किंग्जले डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांनी १९४५ साली एका लेखात असे मांडले की समाजातली काही कामे अधिक महत्त्वाची असतात आणि त्यांना लागणारे गुण दुर्मीळ असतात. लायक माणसे तिकडे वळावीत म्हणून त्या कामांना जास्त पैसा आणि प्रतिष्ठा मिळते. म्हणून उच्चनीचता प्रत्येक समाजात असते आणि ती उपयुक्त असते. १९५३ साली मेल्विन ट्यूमिन याने विचारले की ज्याला शिकण्याची संधीच मिळाली नाही त्याच्यात गुण नव्हते हे कसे ठरवले? पण या वादाच्या कितीतरी आधी, १९३६ साली, ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचा श्रमविभागणी म्हणून केला जाणारा बचाव एका वाक्यात निकालात काढला होता: जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. त्याआधी ९ वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते पाण्यासाठी जितके होते तितकेच या प्रश्नासाठी होते की ज्या व्यवस्थेला सर्वांचे एकमत म्हटले जाते, तिच्यात आम्हाला कोणी आणि केव्हा विचारले.

खोती पद्धतीचेही तसेच. खोत सरकारात सारा भरतो, कूळ जमीन कसते, खोताला धान्याचा वाटा मिळतो. कागदावर ही परस्परावलंबनाची सुबक व्यवस्था दिसते. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या परिसरात शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली संप केला आणि १९३९ पर्यंत जमिनी कसल्या नाहीत. इतकी वर्षे स्वतः उपाशी राहून लोकांनी जी व्यवस्था बंद पाडली, तिच्या मुळाशी सर्वांची सहमती होती असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला. संघर्षाने समाज मोडला नाही, त्याची घडी बदलली. राल्फ डाहरेनडॉर्फ याने १९५८ साली पार्सन्सपंथीयांना नेमके हेच सुनावले की तुमच्या समाजात इतिहासच नाही, तो एक स्वप्नलोक आहे. लुईस कोझर याने त्याआधी दोन वर्षे मधली वाट काढली होती आणि संघर्षालाही प्रकार्ये असतात असे दाखवले होते.

कुटुंबाविषयीचे पार्सन्सचे विवेचनही कोकणात आणून पाहावे. त्याने १९५५ साली असे मांडले की आधुनिक कुटुंबात नवरा बाहेर जाऊन कमावतो आणि बायको घर व भावनांचा भार सांभाळते, आणि ही वाटणी औद्योगिक समाजाला जुळणारी असते. गिरणगावातल्या कोकणी कामगाराची बायको मात्र त्याच्या खोलीवर नव्हती. ती गावी चिखलात लावणी करत होती, गुरे राखत होती, सासूसासऱ्यांचे करत होती, आणि महिन्याला येणाऱ्या मनीऑर्डरीची वाट पाहत होती. ही कुटुंबे कित्येक पिढ्या चालली, म्हणजे ती काही काम करत होती हे निश्चित. ते काम कोणाचे होत होते? मुले वाढवण्याचा, आजारपणाचा आणि म्हातारपणाचा खर्च गावातल्या बाईच्या श्रमातून भागत असल्यामुळे गिरणीमालकाला एका माणसाच्या पोटापुरत्या पगारात कामगार मिळत होता. प्रकार्य आहे, पण कोणासाठी, हा प्रश्न जोडल्याशिवाय ते वाक्य अर्धेच राहते.

१९६० नंतर अमेरिकेतली आंदोलने आणि युद्धविरोध यांच्या वाऱ्यात पार्सन्सची इमारत ओस पडली. १९८० च्या दशकात जेफ्री अलेक्झांडर याने नवप्रकार्यवाद या नावाने तिची डागडुजी केली, आणि जर्मनीत निक्लास लुमान याने व्यवस्थांचा विचार एकमताला बाजूला सारून वेगळ्या दिशेने नेला. मला त्या डागडुजीपेक्षा एक जुना खांब अधिक महत्त्वाचा वाटतो. १८९५ साली दुर्खीमनेच बजावून ठेवले होते की एखादी सामाजिक गोष्ट कशी उपयोगी पडते हे दाखवले म्हणजे ती कशी निर्माण झाली हे सांगून झाले, असे होत नाही. कारण आणि प्रकार्य यांचा शोध वेगवेगळा घ्यावा लागतो. त्याच्या वारसदारांना याचा अनेकदा विसर पडला. माशांना उसंत मिळावी म्हणून नारळी पौर्णिमा सुरू झाली, असे जे उत्साही भाषणांतून ऐकू येते, त्यात हीच चूक आहे.

पालखीवर हा फरक ताडून पाहता येतो. चाकरमान्याला गावाशी बांधून ठेवणे हे आज तिचे सर्वांत ठळक प्रकार्य आहे. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळात तिच्या वेळापत्रकावर चर्चा होते, कोणत्या वाडीत कोणत्या दिवशी ती जाईल हे व्हॉट्सॲपवर फिरते, आणि शनिवार-रविवार जुळावा म्हणून काही ठिकाणी दिवस मागेपुढे केले जातात. परंतु चाकरमानी हा प्राणी मुंबईच्या गिरण्यांनी घडवला. पालखी त्याच्या आधीपासून फिरते आहे. जे काम ती आज करते त्यासाठी ती निघालेली नव्हती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, १९९८ साली कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत पूर्ण धावू लागली, गावाकडे येणे सोपे झाले आणि गावात राहणे कठीण झाले. प्रत्येक वळणावर पालखीने नवे काम अंगावर घेतले आणि जुने थोडे सोडले.

अलीकडे तिला आणखी एक काम लागले आहे. वाडीत कुलूप असलेली घरे वाढली आहेत. पालखी त्या घरांसमोरही थांबते, कारण घर बंद असले तरी मान बंद नसतो. शेजारीण दुपारीच अंगण झाडून, सारवून ठेवते, स्वतःच्या घरातले तांदूळ आणि नारळ आणते, आणि कोण्या घाटकोपरच्या किंवा विरारच्या कुटुंबाच्या नावाने ओटी भरते. एखादा तरुण मोबाइल उंच धरून तिकडच्यांना हे सारे दाखवत असतो. गुरव गाऱ्हाणे घालतो, आजूबाजूचे ‘व्हय महाराजा’ म्हणतात, आणि त्या छोट्या पडद्यावरूनही, अर्ध्या क्षणाने उशिरा, तोच हुंकार येतो.